कुंकू लागलेली फ्लॉपी

हो, फ्लॉपीवर कुंकू आम्हीच लावलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याला ज्याला ही हकिगत सांगायला बसते तो तिथेच अडकतो, पोट धरून हसतो आणि पुढचं ऐकायचं राहून जातं. तर हसून घ्या. मग पुढचं ऐका, कारण मला सांगायचंय ते कुंकवाचं नाही.

मी इंदूरच्या एका कापडाच्या मिलमध्ये नोकरीला होते. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, पण जागा निघाली होती टंकलेखिकेची, डिझाइन खात्यात, आणि घरी नोकरीची गरज होती, म्हणून गेले. शर्टिंगच्या पट्ट्या, चौकड्या, चादरींच्या किनारी, टॉवेलांचे काठ, सगळं आमच्या खात्यातून निघायचं. खात्याचे मुख्य होते आमचे मास्तर. आवाज मोठा, राग नाकावर, आणि पेन्सिल कानावर. ते ग्राफ पेपरवर नक्षी काढायचे आणि मी तिच्या खालची आकड्यांची यादी टाइप करून विणाईच्या शेडमध्ये पाठवायची, एवढंच माझं काम.

ही यादी कसली, ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागाच्या डोक्यावर डॉबी नावाची पेटी असते. तिच्यात लाकडी पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीला भोकं असतात आणि भोकात खुंट्या ठोकतात. जिथे खुंटी, तिथे ताण्याचे, म्हणजे उभे धागे वर उचलले जातात. जिथे भोक रिकामं, तिथले धागे खालीच राहतात. बस. सगळी नक्षी म्हणजे कुठल्या भोकात खुंटी आहे आणि कुठल्यात नाही, याचा हिशोब. मास्तर तो हिशोब डोक्याने करायचे, आणि एक खुंटी चुकली की अख्खं थान, म्हणजे तागाच, वाया. मग शेडमधून माणूस वर यायचा आणि आमच्याकडे भांडणाला तोंड फुटायचं.

अशात मुख्य कचेरीने मिलला एक कॉम्प्युटर पाठवला. अकाउंटवाल्यांनी तो आठवडाभर ठेवला, नाक मुरडलं आणि म्हणाले, आमच्याकडे जागा नाही. मग तो फिरत फिरत आमच्या खात्यात आला, कारण आमच्याकडे एक खोली रिकामी होती. त्याच्यात आताच्यासारखी डिस्क नव्हती. पुढे दोन फटी होत्या. एकीत मशीन जागं करायची फ्लॉपी, दुसरीत आपल्या कामाची. काळी, चौकोनी, वाकवली की वाकणारी. मधे एक लांबट खिडकी, आणि त्या खिडकीतून आतली तपकिरी चकती दिसायची.

सोबत इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं आली होती. ती कुणी उघडेना, म्हणून मी उघडली. त्यातून मी बेसिक शिकले, म्हणजे त्या मशीनला हुकूम द्यायची भाषा. आणि शिकता शिकता माझ्या डोक्यात आलं की खुंटी आहे किंवा नाही, हे तर या मशीनचंच काम आहे. वर्षभर लागून मी प्रोग्राम लिहिला. पडद्यावर नक्षी काढायची, आणि खाली खुंट्यांची यादी प्रिंटरवर करकर करत बाहेर यायची. मास्तरांनी पहिले दोन महिने त्या यादीवर विश्वास ठेवला नाही. प्रत्येक यादी ते पेन्सिलीने परत तपासायचे आणि चूक सापडली नाही की आणखी चिडायचे. मग एक दिवस त्यांनी तपासणं बंद केलं. तोंडाने काही म्हणाले नाहीत, पण मला पोचपावती मिळाली.

आता कुंकू. मिलमध्ये दसऱ्याला प्रत्येक मशीनची पूजा व्हायची. मागाला, बॉयलरला, कापडाच्या गाठी बांधायच्या दाबयंत्राला, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर नारळ. मग कॉम्प्युटरने काय घोडं मारलं होतं? मास्तरांनी स्वतः पाट मांडला. फ्लॉप्या कागदी पाकिटांतून काढून पाटावर ओळीने ठेवल्या, आणि एकेकीला बोट भरून हळदकुंकू लावलं. कुठे लावलं? बरोब्बर त्या खिडकीवर. त्यांच्या हिशोबाने ते कपाळ होतं. आणि सगळ्यांत जास्त कुंकू डिस्क नंबर एकला, कारण ती मुख्य, तिच्यात माझा प्रोग्राम. मी शेजारी उभी राहून घंटी वाजवत होते. अडवायचं मनातही आलं नाही, आणि आज विचारलंत तरी सांगेन की त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं. माझ्या कामाची पूजा चालली होती. नंतर मी मऊ मलमलीने पुसून घेतलं, आणि पुसताना अर्धं कुंकू आत ढकललं असणार. दरवर्षी हेच झालं. फ्लॉपी थोडी कुरकुरायची आणि चालायची.

तिची दुसरी प्रत का नव्हती, असं लोक विचारतात. होती. पण मिलचे शेवटचे दिवस आले, कोरी फ्लॉपी मागितली की स्टोअरमधून नाही म्हणून उत्तर यायचं, आणि एक दिवस वरच्या साहेबांच्या हजेरीपटासाठी ती प्रत पुसून वापरली गेली. वरून फतवा होता, काय करणार.

मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी गेली, मग कापूस येणं थांबलं. वर्तमानपत्रांत देशाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या होत्या आणि आमच्या मिलचे दरवाजे एकेक करून बंद होत होते. अन्नपूर्णा भागात आमच्या घराशेजारी राहणारे तीन जण आमच्याच मिलमधले, तिघंही सकाळी सवयीने तयार होऊन ओट्यावर बसायचे. मास्तर देण्याघेण्याचा हिशोब घेऊन उज्जैनला मुलाकडे गेले. मी सामानाची मोजदाद व्हायची म्हणून राहिले.

त्या मोजदादीसाठी मुंबईच्या कचेरीतून एक साहेब आला. मराठीच होता. माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाला, तुमच्या मराठीत अर्धं हिंदी आहे हो बाई. मी म्हटलं, हाँ साहेब, आहे. त्याला ते उत्तर आवडलं नाही. तर हा साहेब एक दिवस कॉम्प्युटरच्या खोलीत आला आणि म्हणाला, मशीन लिलावात जाणार, यातलं मिलचं सगळं पुसून टाका, माझ्यासमोर. माझा प्रोग्राम त्यात होता. मी सांगितलं, साहेब, हा प्रोग्राम मी लिहिलाय, दुसऱ्या कुठल्या मिलला उपयोगी पडेल, मला राहू द्या. तो म्हणाला, मिलच्या वेळेत मिलच्या मशीनवर केलेलं मिलचं असतं, आणि मिल आता नाही. पुसा.

तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. मी डिस्क नंबर एक फटीत घातली, यादी दाखवली, आणि पुसायचा हुकूम टाइप केला. मशीनने विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. परत यादी मागवली. पडद्यावर आलं की काही नाही. साहेबाने मान हलवली आणि समाधानाने निघून गेला.

आता गंमत सांगते. फाइल पुसली की ते मशीन फक्त यादीतलं नाव खोडायचं. आतलं लिखाण जिथल्या तिथे पडून राहायचं, कुणी त्याच्यावर दुसरं काही लिहीपर्यंत. खरोखर कोरं करायचं तर हुकूम वेगळा होता, फॉरमॅटचा. साहेबाला तो माहीत नव्हता. मला माहीत होता. त्याने पुसा म्हटलं, मी पुसलं. त्याला शिकवायचा पगार मला मिळत नव्हता.

भंगारवाल्याने मशीन नेलं, टेबल नेलं, पंखासुद्धा नेला. फ्लॉप्या त्याने हातात घेऊन पाहिल्या आणि टाकून दिल्या, त्यात लोखंड नाही म्हणून. मी त्या उचलून डब्याच्या पिशवीत घातल्या. गेटवर झडती व्हायची, सवयीप्रमाणे चौकीदाराने पिशवी उघडली. कापड नाही हे पाहून त्याने विचारलं, ये काय है. मी म्हटलं, खाली है भैया, साहब ने सामने खडे रहकर खाली करवाई. त्याने जाऊ दिलं. मी रस्ता ओलांडला आणि मिळाली त्या टेम्पोत बसले.

पुढच्या आठवड्यात कामाचा दाखला घ्यायला गेले. त्यावर लिहिलं होतं, टंकलेखिका. मी म्हटलं, साहेब, मी तीन वर्षं प्रोग्रामिंग केलंय, डिझाइन खात्याचं सगळं काम माझ्या प्रोग्रामवर चालायचं, ते लिहा. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला:

"कुठाय प्रोग्राम? दाखवा, लिहितो."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती तेव्हा कळली. स्वतः मागे उभं राहून पुसून घेतलंस आणि आता दाखवा म्हणतोस. पण फ्लॉपी घरी आहे म्हटलं असतं तर त्याने ती मागवली असती. मशीन भंगारात. दाखवणार कशावर? मी दाखला घेतला आणि बाहेर पडले. त्या माणसाचं थोबाड मला आजही लख्ख आठवतं.

त्या वर्षांत इंदुरात दर चौकात कॉम्प्युटर क्लास उघडत होते. राजवाड्याच्या आसपास तर कपड्याच्या दुकानावरच्या माळ्यावर क्लास, मिठाईच्या दुकानावरच्या माळ्यावर क्लास. शिकवणारे मिळत नव्हते. मी गेले. जिथे जाईन तिथे दाखला बघायचे आणि म्हणायचे, अच्छा, टायपिंग. मी सांगायची की मी प्रोग्राम लिहिलाय, मागावर चालायचा. ते हसून म्हणायचे, हो हो मॅडम. या 'हो हो'ने माझं जितकं रक्त आटलं तितकं कशानेच नाही. शेवटी एका क्लासने ठेवलं, टायपिंग शिकवायला. तिथे माझ्या पुढ्यात येऊन पोरं टायपिंग शिकली, मग शेजारच्या खोलीत जाऊन पुस्तकातला प्रोग्राम पाठ करून मास्तर झाली. मी त्याच खोलीत रिटायर झाले.

घरातही तेच. मुलगा बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे, गुणाचा आहे, पण लहानपणापासून त्याला वाटायचं की आई टायपिंग करायची आणि जरा वाढवून सांगते. तोंडावर नाही म्हणाला कधी. पण आईला कळतं. मला काही बक्षीस नको होतं, पेन्शन नको होती. मी ते केलं होतं, हे एका तरी शहाण्या माणसाने मानावं, एवढंच मला हवं होतं. आणि तेवढंच मिळत नव्हतं.

परवा-परवापर्यंत फ्लॉप्या माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली होत्या. मग आमच्या गल्लीत भरतकामाचा कारखाना आहे, त्याच्या मालकिणीकडून कळलं की त्यांचं जुनं मशीन अजून फ्लॉपीवर चालतं आणि ती फ्लॉपी बिघडली की पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या वस्तीत एक जण वाचवून देतो. मी दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून गेले.

पोलोग्राउंडच्या एका शेडमध्ये त्याचं दुकान. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर, शर्टाला ऑइलचे डाग. जुनी कारखान्यातली मशीनं दुरुस्त करतो. त्याने मला सांगितलं की मशीन धडधाकट असतं, पण त्याची फ्लॉपी मेली की लाखाचं मशीन भंगारात जातं, म्हणून तो मिळेल ती फ्लॉपी घेऊन तिची इमेज काढून ठेवतो. इमेज म्हणजे काय, तर फाइली उतरवून घेणं नाही. चकतीवर जे जे आहे, नाव असलेलं, नाव खोडलेलं, रिकामं, बिघडलेलं, ते सगळं जसंच्या तसं उतरवून घेणं. मी म्हटलं, भिया, मला हेच पाहिजे. इंदुरात भैयाचं भिया होतं.

त्याने विचारलं, काय है इसमें ताई? मी म्हटलं, प्रोग्राम. म्हणाला, लिखा किसने था? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, हो हो.

मी तिथेच ठरवलं की हा माणूस हे परत म्हणणार नाही.

डिस्क नंबर एक त्याने जुन्या ड्राइव्हमध्ये घातली. आतून असा आवाज आला की आम्ही दोघंही दचकलो. त्याने झटकन बाहेर काढली, ड्राइव्ह उघडला, आणि आत बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. लालभडक. मग त्याने मला चांगलंच झापलं. कुंकू, ताई? फ्लॉपी पे? मी ऐकून घेतलं, आणि मग लोखंड कातायच्या त्याच्या लेथकडे बोट केलं. लेथवर गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू तसंच होतं, वर वाळकी माळ. म्हटलं, तुम्ही करता ते बरोबर आणि आम्ही केलं तर अडाणी? तो लेथकडे बघून हसला. त्यानंतर आमचं जमलं.

तो म्हणाला, धुवावी लागेल. वरचं काळं पाकीट कापून चकती बाहेर काढायची, धुवायची, वाळवायची आणि दुसऱ्या निकामी फ्लॉपीच्या पाकिटात घालून वाचायची. वाचली तर वाचली. पण धुताना वरचा तपकिरी थरच निघाला तर संपलं, कारण लिखाण त्या थरात असतं. विचार करून सांगा म्हणाला. विचार कसला करायचा? कपाटात ठेवून ती दिवसेंदिवस मरतच होती. मी पदर खोचला आणि म्हटलं, चकती मी धुते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कात्री दिली.

आयुष्यात मी नातवंडांनाही इतक्या हलक्या हाताने अंघोळ घातली नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मग कापसाने स्पिरिट. पाणी आधी लाल झालं, मग गुलाबी, मग त्यात जरा तपकिरी दिसलं आणि मी हात थांबवला. पण ते हळदीचं निघालं. चकती पंख्याखाली वाळवली, दुसऱ्या पाकिटात सरकवली. ड्राइव्ह गुरगुरला आणि चालू झाला.

पडद्यावर चौकटी उमटायला लागल्या. वाचलेला तुकडा हिरवा, न वाचलेला लाल. हिरवा, हिरवा, हिरवा, आणि मग एके ठिकाणी दोन लाल. त्याने परत फिरवली, पुन्हा फिरवली, ते दोन लालच राहिले. बाकी सगळी हिरवी. मग त्याने यादी उघडली आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, ताई, खाली है. कुछ नहीं है.

मी म्हटलं, यादी नको बघू, भिया. आत बघ.

त्याने इमेज तशीच उघडली, आकड्या-अक्षरांसकट. खाली सरकवत गेला. आणि आली. माझी पहिली ओळ. मग दुसरी. ओळीमागून ओळ, मी दिलेल्या नंबरांसकट. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. साहेबा, बघ. पुसलंस ना? बघ.

पण मधेच ओळी तुटल्या. त्या दोन लाल चौकटी नेमक्या माझ्या प्रोग्रामच्या पोटात होत्या. वरून एक ओळ सांगत होती की आता तिकडे जा, आणि तिकडे काहीच नव्हतं. अर्ध्या पानाचं भोक. बरोबर जिथे मास्तरांचं बोट टेकायचं, तिथे.

संध्याकाळी मुलाला फोनवर सांगितलं. इमेज पाठव म्हणाला. हल्ली प्रोग्राम लिहून देणारं काही निघालंय, त्याला विचारून त्याने ते भोक भरलं आणि चहा पिऊन होईपर्यंत परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पोलोग्राउंडला त्या दुरुस्तीवाल्याने ते त्याच्या कॉम्प्युटरवर चालवलं. पडद्यावर आमची एक जुनी किनार आली, सुरेख, आणि खाली खुंट्यांची यादी. तो खूश. मुलगा फोनवर खूश. मी यादी वाचली आणि म्हटलं, हा माझा प्रोग्राम नाही.

मुलगा म्हणाला, आई, मी तपासलंय, या यादीने हेच कापड निघणार. निघेल रे बाबा. मी कुठे नाही म्हणते? पण ही यादी आमच्या शेडमध्ये चालली नसती. तो म्हणाला, आता शेड कुठे आहे? दुरुस्तीवालाही म्हणाला, ताई, चल तो रहा है, छोडो ना. दोघांचं बरोबर होतं, आणि दोघांनी मिळून मला अशी चीड आणली की विचारू नका. सगळे समजूतदारपणे सांगत होते की सोडून दे. आयुष्यभर तेच सांगत आलेत.

मी म्हटलं, मुलाने पाठवलेलं काढ. माझं भोक मला परत दे. आणि कीबोर्ड इकडे सरकव.

तुम्हाला वाटेल की मला त्या ओळी पाठ होत्या. नव्हत्या. इतकी वर्षं कुणाच्या पाठ राहतात? पण भोकाच्या वर काय आहे ते दिसत होतं, खाली काय आहे ते दिसत होतं, आणि मधे मी काय केलं असणार ते मला माहीत होतं, कारण का केलं ते माहीत होतं. आधी हात अडखळले. बेसिकचे शब्द आठवेनात, दोनदा चुकले, एकदा मशीनने सरळ चूक म्हणून तोंडावर मारलं. दुरुस्तीवाल्याचं गिऱ्हाईक आलं, गेलं. चहा आला, थंड झाला. मी लिहीत होते. मूळ इमेजला हात लावायचा नाही, तिच्यातलं भोक तसंच राहू द्यायचं, हे मी त्याला बजावलं होतं. माझ्या ओळी वेगळ्या फाइलीत.

मग आम्ही चालवलं. तीच किनार आली. खाली यादी आली, पण मुलाच्या यादीच्या अगदी उलट. जिथे त्याच्याकडे खुंटी होती तिथे माझ्याकडे भोक, जिथे भोक तिथे खुंटी. आणि यादीच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत दोन शब्द उमटले, "उलटा बुनो". उलटं विणा, असा शेडला निरोप. ते दोन शब्द मी आता लिहिलेले नव्हते. ते भोकाच्या खालच्या, वाचलेल्या भागात पहिल्यापासून होते. माझ्या ओळींची वाट बघत बसले होते.

दुरुस्तीवाल्याने प्रिंट काढला. कागद हातात घेऊन तो खिडकीपाशी गेला, दोन्ही याद्या एकमेकींशेजारी धरल्या, बोट ठेवून वाचल्या. मला वाटलं, आता म्हणणार, ताई, गलती हो गई. त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि म्हणाला:

"ताई, हे तुम्ही उलटं का केलं?"

तुम्ही. का.

टंकलेखिकेला का, असं कुणी विचारत नाही. तिला विचारतात, किती वेळ लागेल. ज्याने केलंय त्यालाच का विचारतात. साहेबाने विचारलं नव्हतं, क्लासवाल्यांनी नव्हतं, माझ्या पोटच्या पोरानेही नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी मला सगळ्यांचा संतापही आला, आणि मी दोन्ही थांबवलं नाही.

मी त्याला सांगितलं. की आमच्या स्टोअरमध्ये खुंट्यांचा नेहमी तुटवडा असायचा. की भरगच्च नक्षीला अर्ध्याहून जास्त धागे वर उचलावे लागतात, जुना माग ते वजन उचलताना कण्हतो आणि धागे तुटतात. आणि तेच कापड पालथं विणलं, म्हणजे पाठ वर आणि तोंड खाली, तर खुंट्या निम्म्याहून कमी लागतात, माग हलका चालतो, आणि थान उतरवून उलटं केलं की नक्षी तीच. ही युक्ती शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. पण कधी पालथं विणायचं आणि कधी सुलटं, हे कॉम्प्युटरने स्वतः ओळखावं, हे माझं होतं. ते अर्धं पान माझं होतं. आणि पालथं विणण्यात आणखी एक अडचण आहे, किनारीच्या शेवटच्या धाग्यांची, ती मी कशी सोडवली ते तर अजून सांगायचंच होतं.

दुकान बंद करायची वेळ झाली होती. त्याने जाऊन शटर अर्धं खाली ओढलं, स्टूल घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसला.